कूळ, मूठ आणि दुखापत

काशीच्या रामघाटावरील सांगवेद विद्यालयात बटू गुरूपुढे बसून संथा घेतात. गुरूने एकदा म्हणावे आणि शिष्याने दोनदा म्हणावे, अशी ही जुनी रीत. दशग्रंथी वैदिकाच्या घरी जन्मलेल्या मुलाचीही यातून सुटका नसते. त्याचे पणजे-आजे कितीही मोठे घनपाठी असले, तरी त्याला पहिल्या ऋचेपासूनच आरंभ करावा लागतो. कुळाने त्याला फार तर कान मिळतो, वातावरण मिळते, आणि चुकल्यास टोकणारे वडीलधारे मिळतात. ऋचा मात्र रक्तातून येत नाही.

याच घाटांच्या परिसरात एकेकाळी एक निराळीच विद्या नांदत होती. तिचे नाव मुक्की. रामघाटाच्या दक्षिणेस अमृतराव पेशव्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला गणेशघाट, उत्तरेस पंचगंगा, आणि त्यापलीकडे नारायण दीक्षित पाटणकरांच्या नावाशी निगडित असलेले दुर्गाघाट व ब्रह्माघाट, हा सारा टापू काशीतील मराठी वस्तीचा. पूजापाठ, अध्ययन आणि तालीम या तिन्ही गोष्टी येथे शेजारी शेजारी चालत. मुक्की म्हणजे उघड्या मुठींचे मुष्टियुद्ध. कधी एकास एक, कधी एका मोहल्ल्याविरुद्ध दुसरा मोहल्ला, अशा त्या झुंजी होत. इंग्रजी अंमलात दंग्याच्या भयाने सामुदायिक झुंजींवर बंदी आली आणि हा खेळ ओसरत गेला. बडोद्याचे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९५० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी व्यायामकोशात काशीच्या या मुष्टियुद्धाची नोंद करून ठेवली, म्हणून त्याची आठवण तरी उरली.

या परंपरेत देवधर घराण्याचे नाव आदराने घेतले जाते. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेले बाळंभटदादा देवधर हे मल्लविद्येचे आणि मल्लखांबाचे नामांकित गुरू. त्यांच्या पुढच्या पिढीतील नारायणगुरू देवधर यांची कीर्ती काशीत पसरली. ते एकाच वेळी बारा-बारा जणांशी मुठीने झुंजत, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिकेतील संख्येचा हिशेब कोणी करू नये. परंतु अशा कथांमागोमाग एक समजूत हळूच येऊन बसते, तिचा हिशेब मात्र केला पाहिजे. ती समजूत अशी की, पिढ्यान्‌पिढ्या ठोसे खाणाऱ्या घराण्यातील मुलाचे हाड जात्याच कणखर असते, त्याचे डोके जात्याच टणक असते, आणि इतरांना होईल ती इजा त्याला होत नाही.

हे खरे आहे काय? मुष्टियोद्ध्याला होणारी दुखापत त्याच्या वंशावर अवलंबून असते काय? प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. या समजुतीवर विसंबून एखाद्या बापाने आपल्या दहा वर्षांच्या मुलाला रिंगणात उतरविले, किंवा एखाद्या पंचाने ‘हा अमक्या जातकुळीचा, याला काही होत नाही’ म्हणून झुंज दोन मिनिटे उशिरा थांबविली, तर त्याची किंमत त्या मुलाला जन्मभर मोजावी लागते.

उत्तर शोधण्यापूर्वी ‘वंश’ या शब्दाची फोड केलेली बरी. काशीतच सतराव्या शतकात भट्टोजी दीक्षितांनी सिद्धान्तकौमुदी रचली. तीत पाणिनीच्या एका सूत्राचे विवरण करताना वंश दोन प्रकारचा मानला आहे: एक जन्माने चालणारा आणि दुसरा विद्येने चालणारा. वैयाकरणांनी केलेला हा भेद या प्रश्नात फार उपयोगी पडतो. देवधरांच्या आखाड्यातून शिष्यांकडे जे गेले ते विद्येच्या वंशाने गेले. जन्माच्या वंशाने काय गेले, एवढेच पाहावयाचे आहे.

प्रथम हाताचा विचार करू. उघड्या मुठीने लढणाऱ्याला पहिली इजा होते ती बहुधा त्याच्या स्वतःच्या हाताला. करंगळीच्या मुळाशी तळहातात जे लांबट हाड असते, ते ठोसा चुकीचा बसला की मानेपाशी मोडते. वैद्यकात या मोडीला मुष्टियोद्ध्याचेच नाव पडले आहे. काशीचे मुक्कीबाज दगडासारख्या कठीण वस्तूंवर मुठी आपटून त्या निबर करीत, असे सांगतात. यामागील तत्त्व खोटे नाही. जर्मन शस्त्रवैद्य युलियस वोल्फ याने १८९२ साली असे प्रतिपादन केले की, हाडावर ज्या प्रकारचा भार पडतो त्यास अनुसरून त्याची घडण बदलते. टेनिस खेळणाऱ्याच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हाताच्या हाडापेक्षा जाड आढळते. दोन्ही हात एकाच माणसाचे, म्हणजे आईबापांकडून आलेला वारसा दोन्हींकडे तोच. तरीही एक हाड जाड आणि दुसरे बारीक. हा फरक कुळाचा नव्हे, मेहनतीचा आहे.

याचा अर्थ हाडांच्या बाबतीत जन्माचा वाटा शून्य आहे असे मात्र नाही. हाडांची घनता बऱ्याच अंशी आनुवंशिक असते. अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या लोकांत ती सरासरीने गौरवर्णीयांपेक्षा अधिक आढळते आणि म्हातारपणी खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण त्यांच्यात कमी असते. पण ही सरासरी झाली. रिंगणात सरासरी उतरत नसते, एक विशिष्ट माणूस उतरतो. अमेरिकन शास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन याने १९७२ साली दाखवून दिले की, मानवजातीतील आनुवंशिक वैविध्यापैकी सुमारे ८५ टक्के वैविध्य कोणत्याही एका लोकसमूहाच्या आतच सापडते. समूहासमूहांतील भेद उरलेल्या थोड्या भागात सामावतो. एकाच आळीतील दोन मुलांच्या हाडांत जितका फरक असू शकतो, त्यापुढे दोन वंशांच्या सरासरीतील फरक पुष्कळदा फिका पडतो.

आता डोक्याकडे वळू, कारण मुष्टियुद्धातील खरी भयानक इजा तेथेच होते. कवटी कितीही जाड असली तरी मेंदू तिला चिकटलेला नसतो. सुमारे तेरा-चौदाशे ग्रॅम वजनाचा हा मऊ गोळा द्रवात तरंगत असतो. जबड्यावर तिरका ठोसा बसला की डोके झटक्यात फिरते. कवटी आधी फिरते, मेंदू मागून फिरतो, आणि त्या ओढाताणीत मज्जातंतूंचे बारीक धागे ताणले जातात, क्वचित तुटतात. मेंदूवरील आवरणाकडे जाणारी एखादी शीर फाटली तर आत रक्त साचते आणि काही तासांत मृत्यू ओढवू शकतो. दगडाने भरलेल्या पेटीत दही ठेवून ती हिसकली, तर पेटीची भिंत जाड असल्याने दही मोडावयाचे थांबत नाही. शिवाय हाडाचा जो गुण वोल्फने सांगितला तो मेंदूला नाही. हाड माराने घट्ट होऊ शकते. मेंदू माराने घट्ट होत नाही. तो प्रत्येक ठोशाचा जमाखर्च ठेवतो आणि पुष्कळदा वसुली वीस वर्षांनी करतो.

ही वसुली वैद्यकाच्या लक्षात आली ती १९२८ साली. अमेरिकेतील हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरने, रिंगणातून निवृत्त झालेल्या मुष्टियोद्ध्यांचे अडखळणारे बोलणे, झोकांड्या खात चालणे व बुद्धीचे मांद्य यांचे वर्णन एका निबंधात केले. प्रेक्षक अशा माणसांना ‘ठोशांनी झिंगलेला’ म्हणून हसत असत. मार्टलंडने तो रोग असल्याचे सांगितले. इंग्लंडात रॉबर्ट्स या डॉक्टरने १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २२४ माजी व्यावसायिक मुष्टियोद्धे तपासले. त्यांपैकी सुमारे १७ टक्के लोकांत मुष्टियुद्धामुळे मज्जासंस्थेला इजा झाल्याची चिन्हे आढळली. जे अधिक काळ लढले आणि ज्यांनी अधिक झुंजी घेतल्या, त्यांच्यात हे प्रमाण वाढत गेले. १९७३ मध्ये कॉर्सेलिस व त्याच्या सहकाऱ्यांनी पंधरा मृत मुष्टियोद्ध्यांचे मेंदू तपासून आतील नाशाचे स्वरूप दाखविले.

येथे एक प्रश्न उरतोच. शंभर जण सारखेच ठोसे खातात, मग त्यांतील काहींचाच मेंदू का ढासळतो? या ठिकाणी मात्र जन्माचा वंश खरोखर पुढे येतो. आपल्या शरीरात स्निग्ध पदार्थांची ने-आण करणारे एक प्रथिन असते. ते घडविणाऱ्या जनुकाची दोन, तीन व चार या क्रमांकांनी ओळखली जाणारी तीन रूपे माणसांत आढळतात. चौथ्या क्रमांकाचे रूप ज्यांच्याजवळ असते, त्यांना म्हातारपणी अल्झायमरचा स्मृतिभ्रंश होण्याचा संभव अधिक असतो. १९९७ साली बॅरी जॉर्डन व त्याच्या सहकाऱ्यांनी तीस मुष्टियोद्ध्यांची तपासणी केली. बारा किंवा अधिक व्यावसायिक झुंजी घेतलेल्यांमध्ये, ज्यांच्याजवळ हे चौथे रूप होते त्यांच्या मेंदूची हानी अधिक दिसली, आणि ज्यांची अवस्था सर्वांत वाईट होती त्या साऱ्यांजवळ ते होतेच.

हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे, पण तो नीट वाचला पाहिजे. एक तर तीस ही संख्या लहान आहे. दुसरे असे की, फरक उघड झाला तो पुष्कळ झुंजी घेतलेल्यांतच. म्हणजे जनुकाने एकट्याने काही केले नाही. ठोशांनी जे घडविले त्यात त्याने भर घातली. आणि तिसरे असे की, हे रूप कोणा एका वंशाची मिरास नाही. युरोपात उत्तरेकडे ते अधिक, दक्षिणेकडे कमी आढळते. आफ्रिकी वंशाच्या लोकांत ते पुष्कळ आढळते, परंतु अल्झायमरशी असलेले त्याचे नाते त्यांच्यात युरोपीयांइतके घट्ट दिसत नाही. भारतातही ते सर्व थरांत विखुरलेले आहे. एकाच घरातील एका भावाजवळ ते असेल आणि दुसऱ्याजवळ नसेल. आडनाव, जात अथवा वर्ण पाहून त्याचा पत्ता लागत नाही.

भावांचा विषय निघाला म्हणून अमेरिकेतील क्वॅरी बंधूंची कहाणी सांगणे प्राप्त आहे. थोरला जेरी क्वॅरी हा साठीच्या आणि सत्तरीच्या दशकांत जगातील अग्रगण्य वजनदार मुष्टियोद्ध्यांपैकी एक होता. मुहम्मद अलीशी तो दोनदा लढला. धाकटा माइक हाही नामांकित होता. दोघांचीही स्मृती आणि बुद्धी रिंगणातील माराने गेली. जेरी १९९९ साली वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी वारला. माइक २००६ साली पंचावन्नाव्या वर्षी. हे ऐकताच कोणीही म्हणेल की, पाहा, रोग घराण्यातच होता. तसे असूही शकेल. परंतु त्या दोघा भावांना एका घरचे केवळ रक्त मिळाले नव्हते. बापाने दोघांच्याही हातांत बालपणीच मुष्टियुद्धाचे मोजे चढविले होते. मागे न हटता मार सोसावा, ही शिकवणही एकाच घरची. रक्त एक, शिकवण एक आणि माराचे मापही जवळजवळ एक असताना दोष कोणाचा किती, हे निवडून काढणे दूध व पाणी वेगळे करण्याइतके कठीण होते. घराण्यात चालत आलेली प्रत्येक गोष्ट रक्तातूनच आलेली असते असे नाही. घरातील मुले एकाच ताटात जेवतात, एकाच तालमीत घुमतात आणि एकाच बापाचा हट्ट पुरवितात.

जन्मजात मुष्टियोद्ध्यांची म्हणून जी जात आपल्याकडे प्रसिद्ध आहे, ती जेठी मल्लांची. गुजरातेतील मोढेऱ्याशी आपला संबंध सांगणारे हे ज्येष्ठीमल्ल बडोदे, म्हैसूर अशा दरबारांच्या आश्रयाने राहिले. मुठीत शिंगाचे अगर धातूचे दातेरी वज्र धरून लढण्याची त्यांची वज्रमुष्टी विख्यात आहे. म्हैसूरच्या दसऱ्यात डोके मुंडन केलेले जेठी आजही राजवाड्याच्या आवारात समोरासमोर उभे राहतात. ही जात पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आली, तेव्हा तिचे डोके अभेद्य झाले असावे, असे वाटणे साहजिक आहे. परंतु त्या झुंजीचा नियम काय आहे? डोक्यातून रक्ताचा पहिला थेंब दिसताच झुंज थांबते. ज्यांच्या कुळात ही विद्या मुरली आहे, त्यांनीच स्वतःसाठी सर्वांत कडक मर्यादा घालून घेतली. आपले डोके इतरांच्या डोक्यासारखेच फुटते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार! सोळाव्या शतकात विजयनगरला आलेल्या पोर्तुगीज प्रवाशांनीही दरबारी मल्लांचे दात पडल्याचे आणि काहींना वाचा बंद झालेल्या स्थितीत सोबत्यांनी उचलून नेल्याचे वर्णन केले आहे.

कुळाच्या कणखरपणाची ही भ्रांती केवळ भारतातील नाही. १९०८ साली जॅक जॉन्सन हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा सिडनी येथे जगज्जेता झाला, त्या काळी अमेरिकेत एक सिद्धांत मोठ्या गांभीर्याने सांगितला जाई की, कृष्णवर्णीयांची कवटी जाड असते, म्हणून डोक्यावरचे ठोसे त्यांना बाधत नाहीत; त्यांचे पोट तेवढे नाजूक. वरवर पाहता ही स्तुती वाटते. प्रत्यक्षात तिने त्या माणसांच्या वेदनेवरचा विश्वास काढून घेतला. तिची छाया अद्याप गेलेली नाही. २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठातील एका अभ्यासात असे दिसून आले की, तपासलेल्या गौरवर्णीय वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी व नवशिक्या डॉक्टरांपैकी सुमारे निम्म्यांचा, कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते यांसारख्या कोणत्या ना कोणत्या चुकीच्या समजुतीवर विश्वास होता; आणि असा विश्वास बाळगणाऱ्यांनी त्यांच्या वेदनेचे माप कमी लावले. ‘याला लागत नाही’ या वाक्यापासून ‘याला औषध नको’ या वाक्यापर्यंतचे अंतर फारसे नसते.

मग वंशाचा विचार रिंगणाबाहेरच ठेवावा काय? तसेही करून चालणार नाही. एक उदाहरण महाराष्ट्राच्या अगदी जवळचे आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार अशा जिल्ह्यांत काही समाजांमध्ये रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकविणारा दोष पिढीजात आढळतो. त्याला सिकलसेल म्हणतात. हा दोष आईबापांपैकी एकाकडूनच आला, तर मनुष्य सहसा धडधाकट असतो आणि आपण वाहक आहोत हे त्याला ठाऊकही नसते. असा तरुण मुष्टियोद्धा झाला आणि डोळ्यावर ठोसा बसून बुबुळापुढील पोकळीत रक्त उतरले, तर इतरांपेक्षा त्याला धोका अधिक असतो. वाकलेल्या पेशी डोळ्यातील द्रवाच्या निचऱ्याची वाट अडवितात, आतील दाब वाढतो, आणि इतरांचा डोळा जो दाब सोसू शकेल तेवढ्यानेही याच्या दृष्टीची शीर दुखावते. उन्हात अतिश्रमाने असा वाहक कोसळण्याचीही उदाहरणे आहेत. येथे वारसा दुखापतीला खरोखर गंभीर करतो. परंतु येथेही उपाय जात विचारण्याचा नाही, रक्त तपासण्याचा आहे. त्याच समाजातील पुष्कळांत हा दोष नसतो, आणि त्या समाजाबाहेरही तो सापडतो. केंद्र सरकारने २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आणि तपासणीची कार्डे देण्यास आरंभ केला. खेळाडूच्या खिशात असे कार्ड असणे हे त्याच्या वंशावळीपेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

आता तराजूच्या दुसऱ्या पारड्यात नियम ठेवून पाहावेत. १९८२ साली नोव्हेंबर महिन्यात कोरियाचा डुक कू किम हा मुष्टियोद्धा चौदाव्या फेरीत पडला आणि काही दिवसांनी मरण पावला. त्यानंतर जागतिक अजिंक्यपदाच्या झुंजी पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या करण्याकडे मुष्टियुद्धाच्या संस्था वळल्या. डोक्यावरील ठोशाने बेशुद्ध झालेल्या हौशी खेळाडूस सक्तीची विश्रांती द्यावी, असा नियम आहे. सारख्या वजनाचे प्रतिस्पर्धी, रिंगणाजवळ डॉक्टर, सरावात डोक्यावर मारण्यास मर्यादा, आणि खेळाडूच्या पायांत गोळा आला हे ओळखणारा पंच, या साध्या गोष्टींनी जी डोकी वाचतात ती कोणत्याही कुळीमुळे वाचत नाहीत. मोजे किंवा शिरस्त्राण हेही सर्वस्व नव्हे. मोजा वाचवितो तो मुख्यतः मारणाऱ्याचा हात. हात सुरक्षित झाला की डोक्यावर अधिक ठोसे मारता येतात. शिरस्त्राण जखमा टाळते, मेंदूचे फिरणे थांबवीत नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत असे देता येईल. जन्माचा वंश काही विशिष्ट बाबतींत दुखापतीचे गांभीर्य वाढवितो, आणि ते नाव, वर्ण अगर घराणे यांवरून नव्हे तर तपासणीवरूनच कळते. इजा होणार की नाही हे मुख्यतः ठरते ते, किती ठोसे बसले, किती वर्षे बसले आणि मध्ये विश्रांती किती मिळाली यावरून.

उरतो तो विद्येचा वंश. नारायणगुरूंच्या आखाड्यात शिकणाऱ्या मुलाला जर काही अभेद्य मिळत असेल, तर ते चुकविण्याची नजर, पायांची चपळाई आणि मूठ कोठे थांबवावी याचा विवेक. ही कवचे गुरू शिष्याला देतो, आणि तीही रोजच्या घोकंपट्टीने. रामघाटावरील बटूला जसा पाठ दुसऱ्या कोणी म्हणून चालत नाही, तसाच मुष्टियोद्ध्याला आपला बचाव आजोबांच्या नावावर सोपविता येत नाही. आणि घराण्याचा अभिमान बाळगणाऱ्या वडीलधाऱ्यांनी त्याला देण्याजोगी एक गोष्ट अशी आहे, की जिला वंशाची अट नाही: ‘आज पुरे’ असे वेळेवर म्हणणे.